दारातल्या रोपावरची कीड : ओळख आधी, औषध नंतर

मुरबाड तालुक्यातला सिद्धगड म्हटला की २ जानेवारी १९४३ आठवतो. त्या दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या गडाच्या जंगलात इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी तिथे अभिवादनाला माणसे जमतात. एका वर्षी मीही गेलो होतो आणि परतताना पायथ्याच्या वस्तीत आत्याकडे मुक्कामाला थांबलो.

आत्याच्या ओटीवर तेलाच्या रिकाम्या डब्यात पिंपळाचे रोप होते. पावसाळा लागला की ते विहाराच्या अंगणात लावायचे, असे वस्तीने ठरवले होते. पण रोपाची पाने पिवळी पडली होती, शेंडा आखडला होता, देठांच्या बगलेत कापसासारखे पुंजके होते आणि खोडावरून मुंग्यांची रांग चालली होती. आतेभावाने माळ्यावरून भातावर मारायच्या औषधाची उरलेली बाटली काढली होती. तिचे लेबल केव्हाच निघून गेलेले. त्याच ओटीवर त्याची वर्षाची पोर रांगत होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होती.

मी बाटली बाजूला ठेवायला लावली. आत्या म्हणाली, "बरं केलंस बाबा. पण मला एक सांग, पहिलं शील मी रोज घेते. मग हे किडे मारायचे का नाही मारायचे?"

प्रश्न आपल्या पुष्कळ माता-भगिनींच्या मनात येतो. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्याचा उलगडा केला आहे. तथागतांची अहिंसा हा आंधळा नियम नाही, ते जीवनाचे तत्त्व आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा भेद आपल्या बुद्धीने करायचा. मी आत्याला एवढेच म्हणालो, "गरज आहे की नाही हे कळायला आधी कीड ओळखावी लागते."

कीड कशी ओळखावी?

पान उलटे करून पाहा. बहुतेक किडी पानाच्या मागे, देठाच्या बगलेत किंवा कोवळ्या शेंड्यावर बसतात.

कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर तो हमखास येतो. आत्याच्या पिंपळावर हाच होता. शेंड्यावर हिरवे किंवा काळे मऊ किडे दाटीने बसले असतील तर तो मावा. दोन्ही झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकटा टाकतात. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात, किडीची राखण करतात आणि चिकट्यावर काळी बुरशी चढते. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर काहीतरी आहे असे समजावे.

कुंडी हलवताच बारीक पांढरे किडे उडाले तर ती पांढरी माशी. खोडावर तपकिरी टिकल्या चिकटल्यासारख्या दिसल्या तर खवले कीड. पानावर फिके ठिपके आणि मागे बारीक जाळी असेल तर लाल कोळी. याला आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नव्हे. कोरड्या उन्हाळ्यात तो फार वाढतो. मिरचीची पाने वरच्या बाजूला वळून आकसली तर बहुधा फुलकिडे.

मित्रही ओळखा

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, मसुरीच्या डाळीएवढा ढालकिडा मावा खातो. त्याची अळी काळपट आणि काटेरी दिसते, म्हणून लोक तिलाच आधी चिरडतात. ती अळीसुद्धा मावाच खाते. कढीपत्त्यावरची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते आणि शेवटी तिचे फुलपाखरू होते. ती उचलून रानातल्या लिंबाच्या झाडावर सोडली तरी काम भागते. तिथे मारण्याची गरजच नाही.

पपईवर आणि जास्वंदीवर पडणारा परदेशी पिठ्या ढेकूण २००८ च्या सुमारास आपल्या देशात आला. महागडी विषे मारूनही तो आटोक्यात येईना. २०१० साली बंगळूरच्या कृषी कीटक संशोधन केंद्राने त्याच्यावर जगणारी एक इवलीशी गांधीलमाशीसारखी माशी पोर्तो रिकोहून आणून सोडली आणि तिने तो आवरला. किडीचा शत्रू तो आपला मित्र, तो जपावा.

घरचा उपाय

आजारी कुंडी आधी इतर रोपांपासून दूर ठेवा. पाण्याची धार पानांच्या मागे जोरात मारा. अर्धी कीड तिथेच धुऊन जाते. पिठ्या ढेकूण आणि खवले जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडा किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. मग एक लिटर पाण्यात चमचाभर साध्या वडीच्या साबणाचा कीस विरघळवून संध्याकाळी फवारा. सोड्याची पावडर वापरू नका, पाने करपतात. आधी एका पानावर लावून एक दिवस वाट पाहा. सकाळी साध्या पाण्याने धुवा. साबणाने अंडी मरत नाहीत, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा करा.

उन्हाळ्याच्या अखेरीस कडुनिंबाखाली निंबोळ्या पडतात. त्या वाळवून ठेवा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि त्याच दिवशी फवारा. याने कीड लगेच मरत नाही, पण तिचे खाणे आणि वाढ थांबते.

शेतातले विष घरात नको

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उघड्या रानात ही गत, तर एका खोलीच्या घरात काय होईल? डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाची खूण, त्याखालोखाल पिवळा. बाटली कुलपात ठेवा, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतू नका, ओढ्यात रिकामी करू नका. कोणाच्या पोटात गेलेच तर बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

कीड येऊच नये म्हणून

नवे रोप पंधरा दिवस वेगळे ठेवा. डब्याला खाली भोके पाडा. वरची माती सुकल्यावरच पाणी घाला. युरिया भरमसाट टाकू नका, त्याने पालवी लुसलुशीत होते आणि मावा धावत येतो. गळलेली पाने उचला. कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा कोरडी करून घासा. त्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो आणि तो झाडाला नाही, पण लेकरांना मारतो.

आत्याच्या रोपाला आम्ही त्याच संध्याकाळी ब्रशने घासले. पुढचे दोन फवारे तिने स्वतः दिले. शिमग्याच्या सुमारास फोन आला, "तांबूस पालवी फुटलीय रे!" पावसाळ्यात ते रोप विहाराच्या अंगणात गेले. बोधगयेच्या महाबोधी वृक्षाची तपासणी करायला डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ येतात. आपल्या वस्तीतल्या बोधिवृक्षाचे शास्त्रज्ञ आपणच. रोज सकाळी वंदनेनंतर दोन मिनिटे पान उलटून पाहायचे, एवढेच त्यासाठी लागते.

जयभीम!