भंगारातून उचललेली चौऱ्याऐंशी गाणी

अमेरिकन लोकसंगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं की मी एकच नाव सांगतो : 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक'. न्यूयॉर्कच्या फोकवेज कंपनीने 1952 मध्ये काढलेला सहा एलपींचा संच. त्यात 84 ध्वनिमुद्रणं आहेत आणि त्यातलं एकही फोकवेजने स्वतः केलेलं नाही. 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि मंदीच्या सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या कंपन्यांनी विकून विसरलेल्या या तबकड्या. त्या कंपन्यांची परवानगी घेण्याच्या फंदातही कुणी पडलं नव्हतं. चोरीच म्हणायची, पण एवढी उपकारक चोरी विरळा.

निवड केली हॅरी स्मिथने. चित्रकार, प्रयोगशील चित्रपट करणारा आणि कायम कफल्लक असलेला हा गडी तेव्हा तिशीतही पोचला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तबकड्यांना लागणारी लाख दुर्मिळ झाली (ती मुख्यतः भारतातूनच जात असे) आणि जुन्या तबकड्या वितळवण्यासाठी गोळा होऊ लागल्या. स्मिथ त्याच काळात त्या मातीमोलाने विकत घेत होता. पुढे पैशांची चणचण भासली तेव्हा तो आपला संग्रह विकायला फोकवेजच्या मोझेस ॲश यांच्याकडे गेला. ॲश म्हणाले, विकण्यापेक्षा त्यातून संच कर.

स्मिथने कथागीतं, नाच-भजनांचं सामाजिक संगीत आणि इतर गाणी असे तीन भाग पाडले. गायक गोरा की काळा, हे मात्र त्याने कुठेच लिहिलं नाही. मूळ कंपन्या काळ्यांसाठी आणि डोंगराळ भागातल्या गोऱ्यांसाठी वेगवेगळे कॅटलॉग छापत. स्मिथने दोघांना शेजारी बसवलं. मिसिसिपी जॉन हर्ट हा काळा गायक गोरा असावा, असं बऱ्याच श्रोत्यांना कित्येक वर्षं वाटत होतं!

याच हर्टपासून ऐकायला सुरुवात करावी. अंगठा गिटारच्या खालच्या सुरांवर ठेका धरतो, बाकीची बोटं चाल वाजवतात आणि वर बोलल्यासारखा मऊ आवाज. 1928 मधल्या त्याच्या तबकड्या खपल्या नाहीत. तो शेतीकडे परतला. 1963 मध्ये त्याच्याच एका जुन्या गाण्यातल्या ॲव्हलॉन या गावाच्या उल्लेखावरून एक चाहता माग काढत गेला, तर हर्ट तिथेच होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात तो गायला.

मग डॉक बॉग्ज. आयुष्याचा मोठा काळ कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. बँजो कोरडा आणि आवाज त्याहून कोरडा. पहिल्यांदा ऐकताना कानाला बोचतो; मला तर गोड गळ्यांपेक्षा तोच जास्त खरा वाटतो. कथागीतं ऐकताना गोष्ट मध्येच उडी मारते, कारण तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. दहा-वीस कडव्यांच्या गाण्याला मग कात्री लागे.

दुसऱ्या भागात ब्लाइंड विली जॉन्सनचं खरखरीत भक्तिगीत आहे. संचात नसलेलं त्याचं 1927 मधलं एक मुद्रण जरूर मिळवा : शब्द नाहीत, फक्त हुंकार आणि तारांवर घसरणारी गिटार. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीवर ते आहे आणि त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. इतक्या कमी वेळात इतका ऐवज मांडणारे दोघं क्वचितच शेजारी सापडतील.

ॲश यांच्या निधनानंतर फोकवेजचा ठेवा स्मिथसोनियन संस्थेकडे गेला आणि तिने हा संच 1997 मध्ये सीडीवर आणला. ऐकताना एक करा : गाणी हवी तशी उलटसुलट लावू नका. क्रम स्मिथचाच ठेवा, त्याची अर्धी करामत त्या क्रमातच आहे.