नदीचे चित्र

नदीचे चित्र काढावयास सांगितले, की वर्गातील बहुतेक मुलांच्या कागदावर एकच नदी अवतरते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामध्ये अर्धा सूर्य आणि तेथून खाली आलेला एक निळाशार पट्टा! ही नदी गोदावरी नव्हे, कृष्णा नव्हे आणि वैनगंगाही नव्हे. ती पृथ्वीवर कोठेच वाहत नाही. खऱ्या नदीचे चित्र काढावयाचे, तर हात उचलण्यापूर्वी डोळे उघडावे लागतात.

गोंदिया शहराजवळच्या मुर्री गावातील मुलांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या भोवती धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव आहेत. जिल्ह्याच्या सीमेवरून वैनगंगा वाहते. मध्यप्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी पुढे भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना पाणी देत वर्धा नदीस मिळते आणि मग प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जाते. हिचा रंग कोणता? श्रावणात ती गेरूसारखी तांबूस असते. मार्गशीर्षात निवळून हिरवट दिसते. वैशाखात तर पाण्यापेक्षा वाळूच अधिक! पाण्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. वरचे आकाश, काठची झाडे, तळची वाळू आणि वाहून आलेली माती यांचे रंग ते धारण करते. दूरचे पाणी आपण तिरप्या दृष्टीने पाहतो, म्हणून त्यात आकाश अधिक दिसते. पायाजवळचे पाणी आपण वरून पाहतो, म्हणून ते स्वच्छ असल्यास तळ दिसतो. एवढे एक निरीक्षण मनात ठसले, तरी तो निळा पट्टा आपोआप नाहीसा होईल.

आता रंगांविषयी. पूर्वी निसर्गचित्रांसाठी जलरंग आणि तैलरंग हे दोनच प्रकार विशेष प्रचारात होते. कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. पुढे त्यांनी आपल्या गावच्या पाण्याची, कोटितीर्थाची व पंचगंगेची, अनेक चित्रे रंगविली. १९३१ साली ते निवर्तले. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९५५ च्या सुमारास, अमेरिकेत बाजारात आले.

या रंगांची घडण मोठी मौजेची आहे. रंगाची बारीक पूड आणि ॲक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात कालवलेले असतात. पाणी उडून गेले, की ते कण एकमेकांस चिकटतात व रंगाचा पातळ, चिवट पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. म्हणून वाळलेल्या रंगावर निर्भयपणे दुसरा थर देता येतो. ओल्या ॲक्रिलिकमधील दुधाळपणा वाळताना जातो, त्यामुळे रंग किंचित गडद होतो. तेव्हा मिसळताना तो जरासा फिकाच ठेवावा.

मात्र हे रंग फार लवकर वाळतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पातळ थर काही मिनिटांतच सुकतो. म्हणून चित्र सकाळी, सावलीत बसून काढावे. थोडाच रंग काढून घ्यावा आणि तो ओलसर कागदावर ठेवावा. कुंचला सुकू देऊ नये. त्यावर रंग एकदा वाळला, की तो कुंचला निकामी झालाच म्हणून समजा.

प्रथम पेन्सिलीने दूरच्या काठाची रेषा आडवी व सरळ आखावी. दूर गेलेले नदीचे वळण आपल्याला अरुंद चिंधीसारखे दिसते. ते तसेच काढावे, नाहीतर नदी चढावर वाहू लागते! मग आकाश रंगवावे. त्यानंतर दूरची झाडी घ्यावी. मधल्या हवेमुळे ती निळसर व फिकी दिसते. मग पाणी आणि शेवटी जवळचा काठ. झाडांसाठी नुसता हिरवा रंग वापरू नये, त्यात तांबड्याचा किंचित अंश घालावा. सावलीसाठी काळा रंग न वापरता गडद निळा व तपकिरी एकत्र करावेत, म्हणजे सावली जिवंत वाटते.

प्रतिबिंब हे या चित्राचे मर्म होय. पळसाचे झाड काठावर जेथे उभे असेल, त्याच्या अगदी खाली त्याचे प्रतिबिंब पडते. ते बाजूस कधीच सरकत नाही. गडद वस्तूचे प्रतिबिंब थोडे उजळ आणि उजळ वस्तूचे थोडे गडद असते. प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी काढावे आणि वाळल्यावर त्यावरून एकदोन बारीक आडव्या रेषा ओढाव्यात. त्या रेषांनी पाण्याचा पृष्ठभाग दिसू लागतो. येथे हात आवरावा. फार लाटा काढल्या, की पाणी नाहीसे होऊन केवळ रेघोट्या उरतात.

चित्र पूर्ण झाल्यावर एक कर्तव्य उरते. ॲक्रिलिक रंग हे प्लॅस्टिक आहे, हे विसरू नका. नदीकाठी बसलो म्हणून कुंचला नदीत धुऊ नये. आधी तो चिंधीने पुसावा, मग डब्यातील पाण्यात धुवावा आणि ते पाणी घरी न्यावे. गाळ तळाशी बसू द्यावा, वाळवावा व कचऱ्यात टाकावा. जिचे सौंदर्य कागदावर उतरविले, तिलाच मलीन करणे हा कृतघ्नपणा होय.

नद्या बदलतात. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे धरणात पाणी साठले आणि काठची कित्येक गावे, शेते व घाट त्याखाली गेले. ज्यांनी ते घाट पाहिले, त्यांच्या आठवणीत ते आहेत; आठवणी मात्र माणसांबरोबर जातात. आज तुम्ही एखाद्या सकाळी नीट पाहून काढलेले नदीचे चित्र कदाचित साधेच असेल, पण त्यातील वाळूचा पट्टा, काठचा मोह आणि पाण्याचा तो विशिष्ट तांबूस रंग उद्याच्या मुलांना सांगेल, की आमची नदी अशी होती. म्हणून चित्र सुंदर होण्याआधी ते खरे व्हावे, एवढी काळजी घ्या.