मेंदूचे पहारेकरी : स्मृतिभ्रंश आणि प्रतिकारशक्ती

वार्षिक अहवालाच्या या पानांवर प्रतिवर्षी एखाद्या आजाराची माहिती सुबोध भाषेत देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा अल्झायमर हा विषय निवडण्यास एक कारण घडले. बाह्यरुग्ण विभागात येणारे नातेवाईक अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात : "डॉक्टर, यावर आता इंजेक्शन निघाले आहे म्हणे. आमच्या बाबांना ते देता येईल का?" प्रश्न लहान आहे, परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर डेल शेंक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या एका कल्पनेचा प्रवास सांगावा लागतो.

आजार आणि पहारेकरी

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील रुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिची स्मरणशक्ती झपाट्याने नष्ट होत होती. १९०६ साली तिचा मृत्यू झाल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मज्जापेशींच्या बाहेर त्यांना एका पदार्थाचे साके आढळले आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते दिसले. बाहेरचे साके, ज्यांना 'प्लाक' म्हणतात, ते अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात, हे पुढे सिद्ध झाले.

आपल्या मेंदूत मज्जापेशींखेरीज 'मायक्रोग्लिया' नावाच्या पेशीही असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना हे नाव दिले. शरीरात पांढऱ्या पेशी जे काम करतात, साधारण तेच काम मेंदूत या पेशी करतात. मृत पेशी, निरुपयोगी प्रथिने आणि बाहेरून आलेले जंतू त्या गिळून टाकतात. अल्झायमरच्या रुग्णांत याच पेशी प्लाकभोवती गोळा झालेल्या दिसतात. म्हणजे पहारेकरी जागेवर हजर असतात, परंतु कचरा हटत नाही. असे का व्हावे?

एका कल्पनेचा उदय

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका औषध कंपनीत संशोधन करणारे डेल शेंक यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. देवी किंवा पोलिओ यांची लस शरीराला शत्रूची ओळख करून देते. मग शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे त्या शत्रूला नेमके चिकटणारे रेणू, तयार करते. अमायलॉइडचीच लस टोचली तर शरीर त्यालाही शत्रू मानून मेंदूतून हटवील काय? मेंदूच्या रक्तवाहिन्यांची रचना अशी आहे की रक्तातील मोठे रेणू आत सहजासहजी शिरत नाहीत. त्यामुळे ही कल्पना त्या काळी अनेकांना अव्यवहार्य वाटली.

शेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूत प्लाक साचतील असे जनुकीय बदल केलेल्या उंदरांवर प्रयोग केला. १९९९ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहान वयात लस टोचलेल्या उंदरांत प्लाक जवळजवळ तयारच झाले नाहीत. वयस्क उंदरांतही त्यांचे प्रमाण घटले. जगभरच्या रुग्णकुटुंबांत मोठी आशा पल्लवित झाली.

आशा आणि धक्का

त्यानंतर माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या. दुसऱ्या टप्प्यात २९८ रुग्णांना लस आणि ७४ जणांना औषध नसलेली टोचणी देण्यात आली. लस घेतलेल्यांपैकी १८ जणांच्या मेंदूला व त्याच्या आवरणाला दाह झाला. दुसऱ्या गटात असा एकही रुग्ण नव्हता. जानेवारी २००२ मध्ये लस देणे थांबवण्यात आले. त्या १८ पैकी १२ रुग्ण बहुतांशी पूर्ववत झाले. सहा जणांना मात्र कायमचे अपंगत्व आले. लसीमुळे प्रतिपिंडांबरोबर 'टी-पेशी' नावाच्या आक्रमक पेशीही चेतवल्या गेल्या असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. पहारेकऱ्याला शस्त्र दिले, पण त्याचा वार घरावरही झाला.

दुसरा धडा २००८ साली मिळाला. पहिल्या टप्प्यात लस घेतलेल्या काही रुग्णांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली. काहींच्या मेंदूतून प्लाक जवळजवळ नाहीसे झाले होते. तरीही मृत्यूपूर्वी त्यांचा स्मृतिभ्रंश अखेरच्या अवस्थेला पोहोचला होता. मज्जापेशी एकदा नष्ट झाल्या की नंतर साफसफाई करून त्या परत येत नाहीत. म्हणजे उपचाराइतकीच त्याची वेळही महत्त्वाची असते.

पुढची वाट

शरीराला प्रतिपिंडे तयार करावयास लावण्याऐवजी प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडे सलाइनवाटे द्यावीत, म्हणजे मात्रा हाती राहील आणि गरज पडल्यास थांबवताही येईल, असा मार्ग पुढे आला. बॅपिन्यूझुमॅब हे अशा प्रकारचे औषध २०१२ साली मोठ्या चाचण्यांत अयशस्वी ठरले. त्याच वर्षी अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढवणारा 'ट्रेम-२' या जनुकातील एक दुर्मिळ बदल सापडला. मेंदूत हे जनुक कार्य करते ते प्रामुख्याने मायक्रोग्लियात. पहारेकरी दुबळा असेल तर आजार बळावतो, याचा हा स्वतंत्र पुरावा ठरला.

स्वीडनमधील उप्साला येथील लार्स लानफेल्ट यांच्या संशोधनातून लेकानेमॅब हे प्रतिपिंड आकाराला आले. १,७९५ रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस जाहीर झाले. आजाराच्या प्रारंभीच्या अवस्थेतील रुग्णांत, १८ महिन्यांच्या काळात, ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी आहे. औषध घेणाऱ्या दर आठांपैकी सुमारे एका रुग्णाच्या मेंदूत सूज आढळली. बहुतेकांना तिची लक्षणे जाणवली नाहीत, परंतु क्वचित ती गंभीर ठरते. अमेरिकेत या औषधाला जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये डोनानेमॅब या दुसऱ्या औषधाला. शेंक यांना मात्र हा दिवस पाहता आला नाही. २०१६ साली, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही औषधे आजार बरा करीत नाहीत आणि गेलेली स्मृती परत आणीत नाहीत. ती उतार काहीशी मंद करतात. त्यांचा विचार आजाराच्या प्रारंभीच होऊ शकतो. त्यासाठी मेंदूत अमायलॉइड असल्याची खात्री करावी लागते, एमआरआय तपासणी पुनःपुन्हा करावी लागते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना, तसेच 'एपीओई-४' या जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांना धोका अधिक असतो. ज्या बाबांना घरची माणसेही ओळखू येत नाहीत, त्यांच्यासाठी हे औषध नाही. हे सांगताना आम्हालाही जड जाते. परंतु खोटी आशा दाखवून कुटुंबाची जमापुंजी खर्ची पाडणे त्याहून वाईट होय.

तथापि करण्यासारखे पुष्कळ आहे. थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, नैराश्य आणि काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही विस्मरण होते आणि ते योग्य उपचारांनी सुधारू शकते. म्हणून "वय झाले, आता असे व्हायचेच" असे म्हणून तपासणी टाळू नये. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, श्रवणदोष, एकाकीपणा अशा १४ कारणांकडे आयुष्यभर लक्ष दिल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येणे शक्य आहे. ऐकू कमी येणाऱ्या आजीला वेळीच श्रवणयंत्र मिळणे हाही या आजाराविरुद्धचा उपाय आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. यांपैकी प्रत्येकामागे रात्र रात्र जागणारी पत्नी, मुलगा किंवा सून आहे. आमच्या देणगीदारांनी व विश्वस्तांनी दिलेल्या साहाय्याचे मोल येथे कळते. लवकर निदान, गरजूंना सवलतीच्या दरात तपासणी आणि शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना मार्गदर्शन, हे सारे त्याच साहाय्यातून घडते. उद्या अधिक चांगले औषध आले तरी ते वेळेत निदान झालेल्या रुग्णालाच उपयोगी पडेल. एका कल्पनेला उंदरांपासून रुग्णांपर्यंत पोहोचण्यास सुमारे पाव शतक लागले. तेवढा काळ धीर धरणाऱ्या संशोधकांचे, चाचण्यांत स्वतःला जोखमीत घालणाऱ्या रुग्णांचे आणि या कार्यात आमच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या सर्व हितचिंतकांचे ऋण आम्ही येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.