चीनला माल घ्यायला जाताय? आधी कागद नीट करा

ठाणे, मुंब्रा, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातले आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू आज चीनच्या बाजाराशी जोडले गेले आहेत. रेडीमेडवाल्याला बटन, चेन व लेस लागते, भरतकामवाल्याला मशीनचे सुटे भाग लागतात, आम्हा कापडवाल्यांना नव्या कापडाचे नमुने हवे असतात. यासाठी यिवूचा घाऊक बाजार, शाओशिंगजवळचे केचियाओचे कापड मार्केट आणि दक्षिणेचे ग्वांगझू ही नावे आपल्या बाजारात सर्वांना ठाऊक झाली आहेत. एकट्या यिवूच्या बाजारात सुमारे 75 हजार गाळे आहेत. भाव कसा करावा, माल कसा तपासावा, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. पण परक्या मुलुखात, जिथे पाटी वाचता येत नाही आणि बोललेले समजत नाही तिथे, अचानक संकट आले तर काय करावे याचा विचार फार थोडे लोक करतात. त्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

यिवूचे प्रकरण विसरू नये

डिसेंबर 2011 मध्ये मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांना यिवूमध्ये स्थानिक माल पुरवठादारांनी अडकवून ठेवले. ज्या कंपनीसाठी हे दोघे काम करत होते, तिचा मालक लाखो युआनची देणी ठेवून निघून गेला होता. आपण केवळ नोकर आहोत, असे दोघांचे म्हणणे होते. पण पुरवठादारांना मालक सापडत नव्हता, समोर हे दोघेच होते.

त्यांच्या सुटकेसाठी शांघायच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचे अधिकारी एस. बालचंद्रन यिवूला गेले. 31 डिसेंबरला तिथल्या न्यायालयात कित्येक तास अन्न व औषधाशिवाय राहावे लागल्याने, मधुमेही असलेले हे अधिकारी बेशुद्ध पडले व त्यांना इस्पितळात न्यावे लागले. भारत सरकारने चीनकडे निषेध नोंदवला. जानेवारी 2012 मध्ये बीजिंगच्या भारतीय दूतावासाने आपल्या व्यापाऱ्यांना यिवूपासून दूर राहण्याचा इशारा दिला.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. सरकारी अधिकारी स्वतः हजर असतानाही जमावाच्या हातून माणूस सोडवणे सोपे गेले नाही. मग आपण आपल्या भाच्याला, पुतण्याला किंवा दुकानातल्या होतकरू पोराला ऑर्डर द्यायला पाठवतो, तेव्हा त्याच्या पाठीशी काय असते? ऑर्डरच्या कागदावर सही त्याची, व्हिजिटिंग कार्ड त्याचे, आणि उधारी मात्र शेठची. हप्ता थकला तर चिनी पुरवठादार कल्याणला येत नाही, तो समोर दिसेल त्या पोरालाच धरतो.

कायदा काय सांगतो

चीनचा परदेशी लोकांच्या येण्याजाण्याचा कायदा 1 जुलै 2013 पासून लागू आहे. त्यातल्या 28 व्या कलमानुसार, ज्याचा दिवाणी दावा मिटलेला नाही अशा परदेशी माणसाला देश सोडण्यास न्यायालय मनाई करू शकते. म्हणजे तिकीट हातात असले तरी विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशी माणूस अडकू शकतो. आपल्याकडे उधारीचे भांडण वर्षानुवर्षे चालते आणि माणूस मोकळा फिरतो. तिथे तसे गृहीत धरू नये.

याच कायद्याप्रमाणे 16 वर्षांवरील परदेशी माणसाने पासपोर्ट जवळ बाळगणे बंधनकारक आहे. हॉटेलात उतरल्यास हॉटेलवाले पोलिसांकडे नोंद करतात. पण ओळखीच्या माणसाच्या खोलीवर उतरल्यास 24 तासांच्या आत स्वतः पोलीस चौकीत नोंद करावी लागते. आपले लोक दोन पैसे वाचवण्यासाठी खोलीवर राहतात आणि ही नोंद टाळतात. पुढे चोरी झाली तर पोलिसांकडे जायची सोय राहत नाही, कारण तक्रार करायला गेलेलाच गुन्हेगार ठरतो. व्यापाराचा 'एम' व्हिसा घेऊन तिथल्या ऑफिसात नोकरी करणेही बेकायदा आहे. नोकरीसाठी 'झेड' व्हिसा लागतो.

वेळ आली तर

चीनमध्ये पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 120 आणि आगीसाठी 119 हे क्रमांक आहेत. मात्र पलीकडचा माणूस बहुतेक ठिकाणी चिनीच बोलतो. म्हणून हॉटेलचे नाव व पत्ता चिनी अक्षरांत छापलेले कार्ड पहिल्याच दिवशी घेऊन खिशात ठेवावे. फोन लावून तो हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीच्या किंवा जवळच्या दुकानदाराच्या हातात द्यावा. पोलिसांसमोर 'यिंदू लिंगशिगुआन' एवढे दोन शब्द तरी म्हणता यावेत. त्यांचा अर्थ भारतीय वाणिज्य दूतावास. अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाला कळवण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. यिवू व केचियाओ झेजियांग प्रांतात येतात, तिथले काम शांघायचा भारतीय वाणिज्य दूतावास पाहतो. ग्वांगझूला वेगळा वाणिज्य दूतावास आहे. दोन्हींचे क्रमांक मोबाइलमध्येच नव्हे, कागदावरही लिहून ठेवावेत, कारण मोबाइल आधी चोरीला जातो.

पुरवठादारांनी घेरले तर आवाज चढवू नये, बंद खोलीत जाऊ नये, पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नये. आणि जो चिनी कागद वाचता येत नाही त्यावर सही करू नये. सुटका होईल या आशेने केलेली सही पुढे कर्जाची कबुली ठरते.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलीस तक्रार करावी, मग पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागाकडून हरवल्याचा दाखला घ्यावा. त्यावर वाणिज्य दूतावासाकडून परतीसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते. त्यानंतर पुन्हा चिनी अधिकाऱ्यांकडून बाहेर पडण्याचा व्हिसा घ्यावा लागतो. यात दिवस जातात. त्या दिवसांच्या हॉटेलचे व जेवणाचे पैसे वेगळे राखून ठेवावेत.

इस्पितळात आधी डिपॉझिट भरावे लागते, मग इलाज सुरू होतो. प्रवास विमा काढल्याशिवाय कोणाला पाठवू नये. साखर, रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मुक्कामापेक्षा जास्त दिवसांच्या न्याव्यात. गोळ्या बॅगेत नव्हे, अंगावरच्या खिशात असाव्यात. बालचंद्रन यांच्यावर जे गुदरले ते आपल्यापैकी कोणावरही गुदरू शकते.

चिनी इंटरनेटवर व्हॉट्सॲप चालत नाही, हेही लक्षात असावे. निघण्याआधी भारतीय सिमवर रोमिंग सुरू करून घ्यावे. घरच्यांनी हेही जाणावे की चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

खुदा न करो, पण मयत झालीच तर वाणिज्य दूतावास मृत्यूची नोंद करतो व ना-हरकत पत्र देतो. मय्यतीबाबत काय करायचे, हे घरच्यांना लेखी कळवावे लागते. खर्चाची ऐपत नसलेल्या भारतीयांसाठी 2009 पासून सरकारचा कल्याण निधी आहे.

पाठवणाऱ्याची जबाबदारी

तिथे जाणाऱ्याने सावध राहावे हे खरेच. पण आमच्या मते खरी जबाबदारी इथे गादीवर बसून पाठवणाऱ्याची आहे. करार फर्मच्या नावाने करावा, पोराच्या नावाने नव्हे. समोरच्या कंपनीचा लाल गोल शिक्का त्यावर असावा, कारण तिथे सहीपेक्षा शिक्क्याला वजन आहे. कराराचा चिनी मजकूर स्वतःच्या दुभाष्याकडून वाचून घ्यावा. पुरवठादाराने दिलेला दुभाषी पुरवठादाराचाच असतो. जाणाऱ्याच्या खिशात फर्मचे पत्र असावे की हा आमचा नोकर आहे, देण्याघेण्याचा मालक आम्ही आहोत. पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकीट व हॉटेलचा चिनी पत्ता यांच्या प्रती दुकानात एक आणि घरी एक ठेवाव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जुनी बाकी चुकती केल्याशिवाय नवा माणूस त्या बाजारात पाठवू नये. तिजारतीत नफा-तोटा होतच राहतो. परंतु दुसऱ्याचे मूल आपल्या विश्वासावर परमुलुखात गेलेले असते, ती अमानत आहे. आपल्या उधारीसाठी ते ओलीस पडता कामा नये.