भाकरीवर कुत्रा जगतो, पण दिवसभर धावणाऱ्याला तेवढ्यावर भागतं का?

येडशीच्या रामलिंग घाटाकडून माळावर उतरलं की शेळ्या-मेंढ्यांच्या कळपामागे एखादं कुत्रं हमखास दिसतं. कुणाचं गावठी, तर कुणाचं लांब पायांचं, बारीक कमरेचं कारवानी. दिवसभर पळून ते संध्याकाळी परततं आणि त्याच्या पुढ्यात येते ज्वारीची भाकरी, दुधात नाहीतर ताकात कुस्करलेली. तोच कारवानी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये असेल, तर मालक त्याच्यासाठी महागडी पाकिटं आणतो. मग बरोबर कोण?

भाकरीला नावं ठेवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. कुत्रा लांडग्यापासून आला असला, तरी त्याचं पोट लांडग्याचं राहिलेलं नाही. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या लांडग्यात साधारण २ प्रती असतात, कुत्र्यात मात्र ४ ते ३०. माणसाच्या वस्तीत, त्याच्या धान्यावर राहून झालेला हा बदल आहे. त्यामुळे शिजलेली, भाजलेली भाकरी कुत्र्याला व्यवस्थित पचते. 'कुत्र्याला धान्य म्हणजे विष' ही समाजमाध्यमांवरची ओरड सोडून द्या.

अडचण वेगळीच आहे, आणि ती हिशेब मांडला की दिसते.

२० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला सुमारे ६६० कॅलरी लागतात. दिवसभर धावणाऱ्याला त्याच्या किमान दुप्पट, म्हणजे १३०० च्या आसपास. ७५ ग्रॅम पिठाची एक भाकरी साधारण २५० कॅलरी देते. म्हणजे पाच भाकरीत पोट भरलं आणि कॅलरीही जवळपास झाल्या. पण या पाच भाकरीत प्रथिनं मिळाली सुमारे ३७ ग्रॅम, हवीत ५८. स्निग्धांश मिळाला ६-७ ग्रॅम, हवा १८. कॅल्शियम तर जेमतेम ०.१ ग्रॅम, आणि हवं १.६ ग्रॅम. (गरजेचे हे आकडे अमेरिकेतल्या 'आफको' या संस्थेच्या किमान मानकांवरून काढले आहेत.) वर ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, म्हणून त्या ३७ ग्रॅमचाही पूर्ण उपयोग होत नाही.

स्निग्धांशाची तूट सर्वात जास्त जाणवते ती पळणाऱ्या कुत्र्याला. माणूस लांब पळताना साखर-पिष्टावर भिस्त ठेवतो, कुत्र्याचे स्नायू मात्र मुख्यतः चरबी जाळून टिकून राहतात. बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना चरबीने भरलेलं अन्न देतात ते यासाठीच.

हे भरून काढायला पाकिटच हवं असं नाही. त्याच २० किलोच्या कुत्र्याला पाचऐवजी तीन भाकरी, दोन उकडलेली अंडी, दीडशे-दोनशे ग्रॅम उकडलेली बिनहाडाची कोंबडी आणि दोन चमचे तेल दिलं, तर प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही जागेवर येतात. तेल करडईचं असेल तर उत्तम, कारण कुत्र्याला आवश्यक असलेलं लिनोलेइक आम्ल त्यात भरपूर असतं. मराठवाड्यात त्यासाठी लांब जायला नको. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, पिठासारखी दळायची. सपाट चमचाभर पूड रोजच्याला पुरते. जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व मात्र यातूनही पुरेसं मिळेलच असं नाही. तेवढ्यासाठी पशुवैद्यकाकडून पूरक पावडर घ्यावी. पिल्लांचा हिशेब तर पूर्ण वेगळा, त्यांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात.

दुधाचं काय? मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि जुलाब होतात. ताक किंवा दही बरं.

आता सर्वात महत्त्वाचं. मेंढी कापली की फुप्फुस, काळीज कच्चंच कुत्र्यापुढे टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्यात हायडॅटिडच्या कृमीच्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हाताला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात जातात. पुढे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात, कधीकधी शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणजे प्रश्न फक्त कुत्र्याचा नाही, त्याच्याशी खेळणाऱ्या पोरांचाही आहे. काळीज जरूर द्या, थोडंसं, आठवड्यातून एक-दोनदा, पण शिजवूनच. आणि जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने.

शिजलेली हाडं मात्र नकोत, ती उभी फुटतात आणि आतड्यात रुततात. उरलेलं कालवणही नको, कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. धाराशिव जिल्हा द्राक्षांचा, म्हणून हेही सांगायला हवं: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं अलीकडे मानलं जातं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं.

खोल छातीच्या कारवानीला पळायच्या आधी पोटभर घालू नये. भरल्या पोटी उड्या मारल्या की जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि त्यात काही तासांत जीव जातो. परतल्यावर आधी थोडं थोडं पाणी, मग तासाभराने जेवण.

पाकीट घ्यायचंच असेल तर पुढचं चित्र नाही, मागचे आकडे वाचा. कोरड्या खाद्यात प्रथिनं २५ टक्क्यांच्या आणि स्निग्धांश १५ टक्क्यांच्या आसपास असेल तर धावणाऱ्या कुत्र्याला चालेल. ओल्या खाद्यावर ८ टक्के प्रथिनं दिसली म्हणून नाक मुरडू नका. त्यात ८० टक्के पाणी असतं, पाणी वगळलं की ती ४० टक्के होतात.

आणि खाणं पुरतंय का, हे वजनकाट्याशिवायही कळतं. बरगड्यांवरून हात फिरवा. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं स्वाभाविक आहे. पण पाठीचा कणा आणि माकडहाड वर आलं असेल, तर त्याच्या वाट्याला अजून दोन अंडी यायला हवीत.