तरोटा ओळखा, अंगणात लावा

पहिला पाऊस पडला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलाच्या कडेला, बांधावर, पडीक जागेत तरोटा उगवतो. कोकणात यालाच टाकळा म्हणतात. वर्षावासाच्या सुरुवातीला कोवळ्या पानांची भाजी, भाद्रपदात पिवळी फुले, हिवाळ्यात शेंगा आणि मग झाड वाळून जाते.

या भाजीत दोन धोके आहेत. पहिला वाघाचा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल भागात सरपण, मोहफूल, भाजीसाठी जंगलात गेलेल्या आयाबहिणींचे जीव गेले आहेत. दुसरा धोका चुकीच्या ओळखीचा. तरोट्यासारखाच दिसतो कासविंदा, म्हणजे रानटाकळा. २०१६ साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात अनेक बालके दगावली. तेव्हा तज्ज्ञांनी कासविंद्याच्या बियांतील विषाकडे बोट दाखवले होते.

फरक सोपा आहे. तरोट्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात, पानांचे टोक गोलसर असते. शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याच्या जोड्या चार ते सहा, पानांचे टोक अणकुचीदार, शेंग चपटी. शंका आली तर भाजी तोडू नका. बिया खाऊन लेकराला उलट्या, झटके किंवा गुंगी आली तर लगेच १०८ ला फोन करा.

घरीच लावला तर दोन्ही धोके टळतात. हिवाळ्यात ओळखीच्या झाडाच्या वाळलेल्या शेंगा काढून बी डब्यात ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. बियांचे कवच टणक असते, म्हणून वाळूत घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. मृगाच्या पावसानंतर जुन्या टोपल्यात किंवा अंगणातील वाफ्यात बोटाच्या एका पेराहून कमी खोल पेरा. नालीकाठ व कोळशाची धूळ पडणारी जागा टाळा. फुले येण्याआधी शेंडे खुडा. बियांसाठी दोन झाडे राखा, पण शेंगा फुटण्याआधी काढा, नाहीतर शेजारच्या शेतात तण होते.

पाने उकडून पाणी टाकून द्या, मग कांदा, लसूण, चण्याची डाळ घालून शिजवा. एकावेळी फार खाल्ली तर पोट ढाळते.

पालेभाजीतून लोह व फोलेट मिळते, पण ती औषध नव्हे. सिकलसेलच्या रुग्णांनी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सोडू नये आणि लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता तपासून पाहा, हीच तथागतांची शिकवण ताटातल्या भाजीलाही लागू आहे.