रानाचा उच्छ्वास कसा मोजतात?

दुरून डोंगर साजरे, तसे ते निळेही दिसतात. ही निळाई पुष्कळशी हवेने विखुरलेल्या प्रकाशाची असते, हे आपण शाळेतच शिकलो. पण उन्हाळ्यात दाट रानांवर जो निळसर धूसरपणा तरंगतो, तो झाडांनीच सोडलेल्या वाफांपासून होत असावा, असे फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० साली मांडले. तत्पूर्वी १९५७ मध्ये जॉर्जियातील सानाद्झे यांना पानांतून आयसोप्रीन बाहेर पडते असे आढळले होते.

आयसोप्रीन म्हणजे कार्बनचे पाच आणि हायड्रोजनचे आठ अणू. रबराची लांबच लांब साखळी याच कड्यांची बनलेली असते. सगळीच झाडे ते सोडतात असे मात्र नाही. जी सोडतात ती दिवसाउजेडी. ऊन तापले की अधिक, रात्री मुळीच नाही. कष्टाने मिळवलेला कार्बन झाड असा उधळते तरी का? उन्हाच्या तडाख्यापासून पान सांभाळण्यासाठी, असे मानतात. जगभरची ही उधळण वर्षाला सुमारे ५० कोटी टन भरते, आणि तिचा मोठा वाटा उष्ण कटिबंधातल्या रानांचा!

आता हे मोजायचे कसे? एका फांदीचे सोपे आहे. तिच्याभोवती पारदर्शक पिशवी बांधा, आतली हवा तपासा, झाले. पण अख्ख्या रानाला पिशवी कोण बांधणार? म्हणून झाडांच्या शेंड्यांवर मनोरा उभारतात. हवा सरळ वाहत नाही. तिचे भोवरे सारखे वरखाली होत असतात. प्रत्येक झोत वर चालला की खाली, आणि त्यात आयसोप्रीन किती, हे उपकरणे सेकंदात अनेक वेळा टिपतात. वर जाणाऱ्या हवेत ते जास्त आणि खाली येणाऱ्या हवेत कमी भरले, तर तो फरक रानाने दिलेला. हिशेब वाण्याच्या वहीसारखाच, आवक आणि जावक! ब्राझीलमध्ये मनाऊस शहरापासून सुमारे १५० किलोमीटरवर असा ३२५ मीटरचा मनोरा आहे. कुतुबमिनाराच्या चौपटीहून उंच.

हवेत गेलेले आयसोप्रीन काही तासांतच मोडते. ते मोडणारा हायड्रॉक्सिल हा हवेचा झाडूवालाच म्हणा ना. मिथेनही तोच साफ करतो. रानावर तो पार खर्ची पडत असेल, असे गणित सांगत होते. पण २००५ साली सुरिनामच्या परिसरात विमानातून मोजले, तेव्हा तो भरपूर निघाला. गणितच दुरुस्त करावे लागले. मोजण्याचा खटाटोप करायचा तो याचसाठी.

काही आयसोप्रीन रात्रीच्या वादळी ढगांबरोबर ८ ते १५ किलोमीटर उंच चढते आणि सकाळच्या उन्हात त्याचे सूक्ष्म कण बनतात. अ‍ॅमेझॉनवरचा हा प्रकार २०२४ साली प्रसिद्ध झाला. हे कण वाढले, तर पुढे ढगांचे बीज होऊ शकतात.

निर्मळ हवेत झाडांच्या या वायूने ओझोन फारसा वाढत नाही. त्याला मोटारींचा धूर, खतांतला नायट्रोजन भेटला की मात्र जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो फुप्फुसांना आणि पिकांना वाईट. बोर्निओत २००८ साली शास्त्रज्ञांनी रान आणि तेलमाडांचे मळे दोन्ही मोजले. आपल्याकडे फरसाण तळायला येणारे पामतेल अशाच मळ्यांतले. हे मळे रानापेक्षा कितीतरी अधिक आयसोप्रीन सोडतात, असे दिसले. तेव्हा तिथला ओझोन वाढलेला नव्हता, कारण नायट्रोजनची ऑक्साइडे अजून थोडी होती. ती युरोप-अमेरिकेच्या ग्रामीण भागाइतकी झाली, की ओझोन धोक्याच्या पातळीवर जाईल, असा त्यांचा हिशेब आहे.